जुन्या बुखारीची दुरुस्ती : हिवाळ्यातील रेशीम संगोपनासाठी बिनधुराची ऊब



दिवाळी आटोपली की रात्रीचा पारा झपाट्याने खाली येऊ लागतो. डिसेंबर-जानेवारीत परभणी, निफाड यांसारख्या भागांत किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्याचे आपण दरवर्षी ऐकतो. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला ही थंडी मानवते. मात्र तुतीचा पाला खाणाऱ्या रेशीम कीटकाला ती मानवत नाही. संगोपनगृहातील तापमान २० अंशांच्या खाली गेले की अळ्या सुस्त होतात, पाला कमी खातात, कात टाकण्यास वेळ लावतात आणि एकाच रॅकमधील अळ्या मागे-पुढे होतात. चार दिवसांनी बॅच लांबली म्हणजे चार दिवसांचा पाला व मजुरी अंगावर पडते. थंडीबरोबर दमटपणा असेल तर मस्कार्डीन या बुरशीजन्य रोगाचीही भीती असते.

यावर उपाय म्हणून अनेक शेतकरी लोखंडी घमेल्यात निखारे ठेवतात किंवा कोळशाची उघडी शेगडी पेटवतात. हा उपाय अळीला आणि माणसालाही घातक आहे. त्याऐवजी भंगारात मिळणारी जुनी, बंद तोंडाची, धुराडे असलेली लोखंडी शेगडी, म्हणजेच बुखारी, नीट दुरुस्त करून बसविल्यास कमी खर्चात संगोपनगृह उबदार ठेवता येते. अशी बुखारी कशी पारखावी, कशी दुरुस्त करावी, कोठे बसवावी व कशी चालवावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

उघडी शेगडी का नको?

प्रथम एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या छोट्या संगोपनगृहात अळ्या चौथ्या अवस्थेत होत्या. रात्री थंडी वाढली म्हणून मी व आमचे सहायक यांनी कोळशाच्या दोन शेगड्या आत ठेवल्या, खिडक्यांना ताडपत्री लावली आणि पाला टाकीत बसलो. धूर दिसत नव्हता, निखारे छान फुलले होते. दीड-दोन तासांनी माझे डोके ठणकू लागले. सहायकांना मळमळू लागले. जागरणामुळे होत असेल असे वाटून आम्ही तसेच बसलो. पाणी आणण्यासाठी ते उठले आणि दारातच कोसळले. दार उघडे राहिले म्हणून आम्ही दोघेही वाचलो.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर व झोप येणे ही त्याची लक्षणे आहेत. थकवा समजून माणूस आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. 'धूर नाही म्हणजे धोका नाही' ही समजूत म्हणूनच मनातून काढून टाकावी.

अळीचाही श्वासोच्छ्वास असतो. तिच्या शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या छिद्रांतून ती हवा घेते. कोंडलेली हवा, धूर, तंबाखू, रंग किंवा कीटकनाशक यांचा वास तिला सहन होत नाही. इटलीतील काउंट व्हिन्चेन्झो डांडोलो यांनी १८१५ साली रेशीम कीटक संगोपनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी संगोपनगृहात तापमापक वापरण्याचा आग्रह धरला आणि उष्णतेबरोबर हवा खेळती ठेवण्यावर तितकाच भर दिला. हे तत्त्व आजही बदललेले नाही. उष्णता आत राहिली पाहिजे आणि जळणाचा सर्व वायू बाहेर गेला पाहिजे. बुखारीच्या दुरुस्तीतील प्रत्येक काम या एकाच कसोटीवर तपासावे.

जुनी बुखारी कशी पारखावी?

बंद पडलेल्या कुक्कुटपालन शेडमधून, भंगार बाजारातून किंवा लिलावातून अशा बुखाऱ्या मिळतात. काही पत्र्याच्या असतात, तर काही बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. पाणी तापविण्याचा बंब आपल्या परिचयाचा आहे. बुखारीची रचनाही साधारण तशीच असते : जळण टाकण्याचे दार, जळणाखालची जाळी, राखेचा खण, हवा कमी-जास्त करण्याची झडप आणि वर धुराडे. बंबात उष्णता पाण्याला मिळते, बुखारीत ती लोखंडाच्या अंगातून खोलीला मिळते, एवढाच फरक. खरेदीपूर्वी पुढील पाच गोष्टी पाहाव्यात.

१) टोचून पाहणे : जाड दाभणाने किंवा पेचकसाने तळ, कोपरे व धुराड्याच्या मुळाजवळचा पत्रा टोचावा. हत्यार आत गेले तर गंजाने पत्रा खाल्ला आहे असे समजावे. वरवरचा तांबूस गंज असल्यास काळजी नको, तो निघतो. पत्रा किमान ३ मि.मी. जाडीचा असावा.

२) वाजवून पाहणे : बिडाची बुखारी लहान हातोडीने हलके ठोकावी. खणखणीत आवाज आला तर अंग शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तडा आहे. जळण जळते त्या भागात आरपार तडा असल्यास ती घेऊ नये. बिडाला साधे वेल्डिंग टिकत नाही, शेजारी नवा तडा जातो.

३) उजेडाची परीक्षा : अंधाऱ्या खोलीत बुखारीच्या पोटात पेटती बॅटरी ठेवून दार व झडप बंद करावी. जेथून उजेड बाहेर दिसेल, तेथून धूर बाहेर येऊ शकतो. त्या जागा खडूने खुणावून ठेवाव्यात.

४) कागदाची परीक्षा : दाराच्या चौकटीत वर्तमानपत्राची पट्टी ठेवून दार लावावे. पट्टी सहज ओढून निघाली तर दार नीट बसत नाही. चारही बाजूंनी अशी तपासणी करावी. बिजागरी झिजलेली किंवा दोरी गेलेली असल्यास ती बदलता येते. चौकटच वाकडी असेल तर मात्र नाद सोडावा.

५) पूर्वेतिहास : कीटकनाशकाच्या पिंपापासून केलेली किंवा औषधांच्या गोदामात पडून राहिलेली बुखारी फुकट मिळाली तरी घेऊ नये. अळीला त्या विषाचा अंशही पुरेसा होतो.

वाकलेली जाळी, तुटलेली मूठ, गंजून गेलेले धुराडे यांमुळे चांगले अंग असलेली बुखारी नाकारू नये. हे भाग गावातील लोहाराकडून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून नवे करून घेता येतात.

सफाई व दुरुस्ती

हे काम संगोपनगृहापासून व तुतीच्या मळ्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस करावे. नाका-तोंडाला चांगला मास्क व हातात मोजे असावेत.

दाराची जुनी दोरी : दाराभोवती पांढरट, तंतुमय दोरी आढळल्यास ती अॅस्बेस्टॉसची असू शकते. तिचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर गेल्यास फुप्फुसाचे गंभीर आजार होतात. ती कोरडी ओढू किंवा तारेच्या ब्रशने खरडू नये. पाणी शिंपडून पूर्ण भिजवावी, अलगद काढून प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद करावी, जाळू नये. तिच्या जागी काचतंतूची दोरी बसवावी. खाचेतील जुना चिकट थर ओला असतानाच पुसून घ्यावा, उष्णतारोधक सिमेंटचा पातळ थर द्यावा, दोरी न ताणता बसवावी आणि दार लावून रात्रभर तसेच ठेवावे. नंतर पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी.

काजळी व गंज : पोटातील व धुराड्याच्या मुळातील काजळी ब्रशने काढावी. गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश कागदाने घासून काढावा. जुना तेलरंग असल्यास त्यात शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून तो कोरडा घासू नये, ओल्या पॉलिश कागदाने काढावा. कोंबड्यांच्या शेडमधून आणलेली बुखारी धुऊन, निर्जंतुक करून, उन्हात वाळवूनच पुढील कामास घ्यावी.

फटी : पत्र्याच्या बुखारीतील भोके वेल्डिंगने ठिगळ मारून बंद करावीत. बिडाच्या बुखारीच्या जोडांतील फटी उष्णतारोधक सिमेंटने भराव्यात. साधे सिमेंट वापरू नये, ते उष्णतेने तडकून गळून पडते.

आतील अस्तर : जळणाची ज्वाळा थेट पत्र्याला लागली तर पत्रा दोन-तीन हिवाळ्यांत जळतो. म्हणून तळाला व तिन्ही बाजूंना भट्टीच्या विटांचे अस्तर द्यावे. त्या न मिळाल्यास चांगल्या भाजलेल्या साध्या विटा चिकणमातीत बसवाव्यात. त्या अधूनमधून बदलाव्या लागतील. अस्तरामुळे आतील उष्णता वाढते, लाकडातील वायू पूर्ण जळतो, धूर कमी होतो आणि आग मंदावल्यावरही तापलेल्या विटा खोलीला ऊब देत राहतात. नदीतील गोटे मात्र घालू नयेत. त्यांत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

रंग : बाहेरून उष्णतारोधक काळा रंग द्यावा. येथे आमची एक चूक सांगणे आवश्यक आहे. रंग सुकला म्हणून आम्ही बुखारी थेट संगोपनगृहात बसवून पेटविली. तापताच रंगाचा उग्र वास सुटला आणि अळ्यांनी पाल्याकडे पाठ फिरविली. सर्व खिडक्या उघडून थंडी पत्करावी लागली. त्यानंतर आम्ही नियमच केला की, दुरुस्त केलेली बुखारी उघड्यावर किमान तीन वेळा पेटवावी. पहिल्यांदा काटक्यांची लहान आग, दुसऱ्यांदा मध्यम व तिसऱ्यांदा पूर्ण आग द्यावी. दोन वेळांमध्ये बुखारी पूर्ण थंड होऊ द्यावी. त्यामुळे अस्तरातील ओलही हळूहळू जाते व विटा तडकत नाहीत. तिसऱ्या वेळी वास आला नाही, तरच ती आत न्यावी.

धुराडे : बुखारीचा प्राण

गरम वायू हलका असतो. तो धुराड्यातून वर चढतो आणि आपल्यामागे ताजी हवा बुखारीत ओढून घेतो. या ओढीलाच आपण 'धुराडे ओढते' असे म्हणतो. ओढ चांगली असेल तर बुखारीत बारीक फट राहिली तरी तेथून हवा आत खेचली जाते; ओढ कमी असेल तर त्याच फटीतून विषारी वायू खोलीत येतो. धुराड्याबाबत पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

• धुराड्याचा व्यास बुखारीच्या तोंडाइतकाच ठेवावा. पैसे वाचविण्यासाठी लहान नळी जोडू नये.

• नळी काळ्या लोखंडी पत्र्याची असावी. बुखारीलगत जस्ताचा मुलामा दिलेली नळी वापरू नये. जास्त तापल्यावर जस्ताचा अपायकारक धूर निघतो.

• नळी शक्यतो सरळ वर न्यावी. वळणे दोनपेक्षा जास्त नसावीत. आडवा भाग कमीत कमी ठेवून त्याला वरच्या दिशेने चढ द्यावा.

• वरच्या नळीचे टोक खालच्या नळीच्या आत बसवावे. त्यामुळे धुरातून ठिबकणारा डांबरासारखा द्रव आतल्या आत खाली उतरतो व सांध्यातून बाहेर गळत नाही. प्रत्येक सांधा तीन स्क्रूंनी पक्का करावा.

• धुराड्याचे टोक छपराच्या आढ्यापेक्षा किमान ६० सें.मी. उंच असावे. टोकाला टोपी बसवावी.

• छपरातून नळी जाते तेथे लाकडी वासा, तट्ट्या, शेडनेट किंवा नायलॉन जाळी ४५ सें.मी.पेक्षा जवळ नसावी. पत्र्याला भोक पाडून रुंद लोखंडी चकती बसवावी व पावसाचे पाणी आत येणार नाही असे पाहावे.

• धुराड्यात झडप असल्यास ती पूर्ण बंद होणारी नसावी. तिचा एक चतुर्थांश भाग कापून टाकावा, म्हणजे चुकूनही धूर अडणार नाही.

बुखारी कोठे बसवावी?

बुखारी खोलीच्या मध्यभागी ठेवण्याची पद्धत कुक्कुटपालनात आढळते. रेशीम संगोपनासाठी मात्र 'अंग आत, तोंड बाहेर' ही रचना उत्तम होय. संगोपनगृहाच्या लांब भिंतीच्या मध्यभागी भोक पाडून बुखारी अशी बसवावी की, तिचे तापणारे अंग व धुराड्याचा खालचा भाग आत राहील, आणि जळणाचे व राखेचे दार बाहेर पडवीत उघडेल. याचे तीन फायदे आहेत. जळणासाठी लागणारी हवा बाहेरून घेतली जाते. दार उघडताना येणारा धूर बाहेरच राहतो. शिवाय रात्री लाकूड टाकणाऱ्या माणसाला संगोपनगृहात शिरावे लागत नाही, त्यामुळे पायाबरोबर जाणारी रोगाची घाण टळते. त्याला आत झोपण्याचेही कारण उरत नाही.

भोक पाडण्यापूर्वी वर मजबूत लिंटेल असल्याची खात्री करावी. लोखंड तापल्यावर प्रसरण पावते. म्हणून बुखारी सिमेंटने भिंतीत पक्की बांधू नये. भोवती बोटभर फट सोडून ती काचतंतूच्या दोरीने व चिकणमातीने भरावी. बुखारी विटांच्या चौथऱ्यावर ठेवावी. रॅक, कागद, नायलॉन जाळी, प्लॅस्टिकच्या चंद्रिका या वस्तू बुखारीपासून किमान १ मीटर दूर ठेवाव्यात. मधे लोखंडी जाळीचा कठडा उभा करावा, म्हणजे पाला टाकताना कोणाचा हात भाजणार नाही. बाहेर वाळूची व पाण्याची बादली कायम भरलेली असावी.

बसविल्यानंतर, अळ्या आणण्यापूर्वी, बुखारी पेटवून उदबत्तीची परीक्षा घ्यावी. पेटती उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळ व भिंतीतील जोडाजवळ धरावी. तिचा धूर सांध्याकडे ओढला गेला तर ठीक. तो सांध्यापासून दूर ढकलला गेला तर तेथून वायू बाहेर येत आहे. तो सांधा पुन्हा भरावा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड सूचक बाजारात मिळतो. तो आतील भिंतीवर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर लावावा. त्याच्या किमतीकडे पाहून मागे हटू नये.

जळण : किती व कोणते?

समजा, २० फूट रुंद, ३० फूट लांब व १० फूट उंच असे विटांच्या भिंतींचे व पत्र्याच्या छपराचे संगोपनगृह आहे. बाहेर १२ अंश असताना आत २४ अंश राखायचे आहेत. ढोबळ हिशोबाने त्यासाठी ताशी सुमारे ८ युनिट उष्णता लागते. हे वीज बिलातील युनिट समजावे. त्यांतील जवळजवळ निम्मी उष्णता एकट्या पत्र्याच्या छपरातून निघून जाते. छपराखाली हवाबंद आच्छादन दिल्यास ही गरज ताशी ५ युनिटांच्या आसपास येते. आच्छादनाचा पाचट किंवा तट्ट्या धुराड्यापासून दूर थांबवाव्यात व तेथे विटांचा अथवा पत्र्याचा भाग ठेवावा.

चांगल्या वाळलेल्या १ किलो लाकडात सुमारे ४ युनिट उष्णता असते. बुखारी त्यातील निम्मी खोलीला देते असे धरले, तर उघड्या पत्र्याखाली ताशी ४ किलो आणि आच्छादन असल्यास ताशी अडीच किलो लाकूड लागेल. १२ तासांच्या रात्रीला हा फरक ४८ किलो व ३० किलो असा पडतो. विजेच्या हीटरने हेच काम करायचे तर आच्छादन असूनही रात्रीला ६० युनिट लागतील, आणि भारनियमनात तेही बंद. आपल्या गावातील लाकडाचा व विजेचा दर घालून हिशोब ज्याचा त्याने करावा. मात्र शेडनेट व ताडपत्रीच्या भिंती असलेल्या शेडला हे आकडे लागू पडत नाहीत. तेथे उष्णता फार वेगाने निसटते. अशा शेडमध्ये आधी भिंतींचा बंदोबस्त करावा, मग बुखारीचा विचार करावा. शिवाय तेथे 'तोंड बाहेर' रचनेसाठी विटांचा एक पडदा बांधावाच लागतो.

बाभूळ, सुबाभूळ यांचे फोडलेले लाकूड संथ व दीर्घकाळ जळते. तुराट्या पेटविण्यास उत्तम, पण लवकर संपतात. फांदी पद्धतीने संगोपन करणाऱ्यांकडे पाला खाऊन उरलेल्या तुतीच्या काड्यांचे ढीग असतात. त्या मोळ्या बांधून पावसापासून सुरक्षित जागी वाळविल्यास बुखारीला घरचेच जळण मिळते. रोगट बॅचमधील काड्या मात्र साठवू नयेत, त्यांची लगेच विल्हेवाट लावावी. पऱ्हाट्या जाळायच्या असतील तर त्या तुतीजवळ किंवा शेताच्या बांधावर रचून ठेवू नयेत. त्यांवर फवारणीचे अंश असतात, आणि बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. प्लॅस्टिक, टायर, रंगविलेले लाकूड व औषधांचे डबे बुखारीत कधीही जाळू नयेत.

लाकडातील ओल २० टक्क्यांपेक्षा कमी असावी. ओल्या लाकडाची बरीच ताकद स्वतःतील पाणी उडविण्यात जाऊन धूर वाढतो, आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. हा थर पेटला तर धुराडे भट्टीसारखे लाल होते व छपराला आग लागू शकते. दोन वाळलेली लाकडे एकमेकांवर आपटली की टणक आवाज येतो, टोकांना बारीक भेगा दिसतात. अशी लाकडे वापरावीत. हिवाळ्याचे जळण उन्हाळ्यातच फोडून ठेवावे.

बुखारी कशी चालवावी?

चॉकी केंद्रातून आणलेल्या अळ्यांसाठी तिसऱ्या अवस्थेत सुमारे २६ अंश तापमान व ७५ ते ८० टक्के आर्द्रता, चौथ्या अवस्थेत २५ अंश व ७० ते ७५ टक्के, तर पाचव्या अवस्थेत २४ अंश व ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी. तापमापक बुखारीजवळ टांगू नये. रॅकच्या खालच्या व वरच्या कप्प्यात, तसेच खोलीच्या दूरच्या टोकाला असे तीन तापमापक अळ्यांच्या पातळीवर ठेवावेत. गरम हवा वर चढते, त्यामुळे वरच्या कप्प्यात तापमान जास्त आढळते. हा फरक लक्षात घेऊनच आग ठेवावी.

सूर्यास्ताच्या सुमारास, थंडी वाढण्यापूर्वीच बुखारी पेटवावी. गार पडलेली खोली मध्यरात्री एकदम तापविण्यापेक्षा संध्याकाळची ऊब टिकविणे सोपे जाते. प्रथम तुराट्यांची खणखणीत आग करून धुराडे तापवावे, नंतर मोठी लाकडे घालावीत. दर तासा-दीड तासाने थोडे थोडे जळण टाकावे. रात्रभर पुरेल म्हणून पोट गच्च भरून हवेची झडप बंद करू नये. अशा कोंडलेल्या आगीत सर्वांत जास्त कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

उष्णतेमुळे हवा कोरडी पडून पाला लवकर सुकतो. म्हणून बुखारीवर रुंद तोंडाचे पाण्याचे भांडे ठेवावे व गरजेनुसार ओले गोणपाट टांगावे. अळ्या कातीवर बसल्या असताना मात्र आर्द्रता कमी करावी. पाचव्या अवस्थेत अळ्या एकूण पाल्याच्या ८० टक्क्यांहून अधिक पाला खातात, त्यामुळे ओल व विष्ठेचा वास वाढतो. या काळात दिवसा खिडक्या उघडाव्यात आणि रात्रीही वरचे झरोके थोडे उघडे ठेवावेत. थोडी ऊब गेली तरी चालेल, हवा कोंडता कामा नये.

कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा सूचक वाजला, तर कारण शोधत बसू नये. सर्वांनी ताबडतोब बाहेर यावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि त्रास होणाऱ्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

राख व निगा

राख गार झाली असे वाटले तरी तिच्यात निखारे दडलेले असतात. ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून बाहेर ठेवावी व किमान दोन दिवसांनी वापरावी. लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो. ती युरियात मिसळू नये, अमोनियाच्या रूपाने नत्र उडून जाते. चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत ती टाकू नये.

प्रत्येक बॅचनंतर धुराडे उतरवून तारेच्या ब्रशने साफ करावे व दाराची दोरी तपासावी. दोन बॅचमधील निर्जंतुकीकरणात आपण ब्लीचिंग पावडर वापरतो. तिच्यातील क्लोरीन लोखंडाला झपाट्याने गंज चढविते. फवारणीपूर्वी बुखारी प्लॅस्टिकने झाकावी. तिचे अंग स्वतंत्रपणे निर्जंतुक करून नंतर साध्या पाण्याने पुसावे आणि लहान आग करून सुकवावे. फवारणी चालू असताना बुखारी पेटलेली नसावी. हिवाळा संपल्यावर राख पूर्ण काढून टाकावी. राख ओल धरते व पावसाळ्यात तळ खाते.

बंधू-भगिनींनो, भंगारातील बुखारी पुन्हा उभी करणे हे गावातील लोहार आणि गवंडी यांच्या मदतीने कोणालाही जमण्यासारखे काम आहे. घाई करावीशी वाटते ती शेवटच्या टप्प्यात : दाराची दोरी, धुराड्याची उंची, उदबत्तीची परीक्षा. नेमक्या याच गोष्टींवर अळ्यांचे आणि आपले आयुष्य अवलंबून आहे. म्हणून ही कामे बॅच येण्यापूर्वी पंधरा दिवस आधी पूर्ण करावीत. बांधकामात बदल करण्यापूर्वी जवळच्या रेशीम कार्यालयातील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आणि आज रात्रीपुरते एवढेच करावे : संगोपनगृहात निखाऱ्यांचे घमेले असेल, तर ते बाहेर काढावे.